नमुना सही

कोथरूडच्या नाट्यगृहात, प्रयोगानंतर,
हेमांगिनीबाईंनी डाव्या हातानं सही दिली.
वाकडी. वेलांटी घसरलेली.
खंबाटकीच्या अपघातानंतरची पहिलीच.

एकतीस वर्षं बँकेत मी सह्याच पडताळल्या;
तोंडून निघून गेलं, "जुनीशी जुळत नाही."
मागची रांग गप्प.
त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
"ती बाई उजव्या हातानं करायची.
भेटली तर सांगा, मी बरी आहे."

रिक्षा केली नाही. कर्वे रस्त्यानं चालत आलो.

माझा हात दिवाळीपासून कापतो.
दोन चेक परत आलेत, घरात सांगितलेलं नाही.

सोमवारी दहाला काउंटरवर उभा राहिलो:
"नवा नमुना घ्या."
पोरीनं तीनदा करायला लावली सही.
तिन्ही वेगळ्या.