थंड पाण्यात धुवा

केंद्रशाळेतल्या प्रशिक्षणात चहा दोनदा झाला
आणि आम्हाला एक पुस्तिका मिळाली.
विषय : जागतिक नागरिकत्व. तासिका : चाळीस मिनिटं.
साहित्य : पृथ्वीगोल, असल्यास.

आमच्याकडे आहे. पण त्याचा आस मोडलाय,
ऑस्ट्रेलियाला कुणीतरी पेनानं मिशा काढल्यात,
आणि आमच्या गावाच्या जागी
दरवर्षीच्या पोरांनी बोट ठेवून ठेवून
कागद झिजलाय, आतला पुठ्ठा दिसतो.
जगात आम्ही राहतो तिथं नेमकं भोक.

मी फळ्यावर शब्द लिहिला. शब्द लांब होता.
पाचवीतली किसकिंदा उठली :
"म्याडम, नागरिक म्हंजे ज्याला आधार कार्ड हाय त्यो.
मग जगाचं आधार कार्ड कुठं काढत्यात?
औशाला का लातूरला?"
वर्ग हसला. मीही हसले. पुस्तिका चाळली.

खिचडीचं पातेलं घासता घासता
कुशावर्ताबाई खिडकीतून ऐकत होती.
दुसऱ्या दिवशी आली ती बगलेत करडं कांबळं घेऊन.
"भूकंपातलं हाय," म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, माहेरचं हाय.

गणपती बोळवून गाव झोपलं त्या रात्री
ती सात वर्षांची होती.
सांगितलं तिनं एवढंच :
"माळवदाखालून मला काढलं दुपारी.
भनीला दुसऱ्या दिशी."
पुढं पोरांनी विचारलं नाही.
मग तंबू आले, बिस्किटं आली, आणि हे.

कोपऱ्यात एक पट्टी शिवलेली.
अक्षरं मुंगीएवढी, ना आपली, ना एबीसीडी.
तीस वर्षांत तिनं ती उसवली नाही.
"कुणीतरी कायतरी लिवलंय. फाडावं कसं?"

नौशाद म्हणाला, दुआ असंल.
राजेभाऊ म्हणाला, पत्ता असंल,
माघारी द्यायचं झालं तर.
किसकिंदा म्हणाली, नाव असंल. जिनं इणलं तिचं.

मी मोबाईल खिडकीच्या गजांबाहेर धरला,
तिथंच काय ती एक कांडी येते.
चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग मराठीत उमटलं :
थंड पाण्यात धुवा. पिळू नका. सावलीत वाळवा.

कुणीच काही बोललं नाही.
मग कुशावर्ताबाईनं पदर तोंडाला लावला,
खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय.
"अगं माय! अन् मी इतकी वर्सं
कढत पाण्यात भिजवून बडवायले त्येला!"

हसणं ओसरल्यावर नौशादनं विचारलं,
"ज्यानं पाठवलं त्येला आपलं गाव ठावं होतं?"
नाही.
"ह्या मावशी?"
नाही रे.
"मग?"

पुस्तिकेत प्रश्न होते, पानाखाली उत्तरंही होती.
"मग" नव्हता.
मी खडू बोटात फिरवत राहिले,
बोटं पांढरी झाली.

मार्चमध्ये आमच्या टाकीचं पाणी हाताला पोळतं.
थंड म्हणजे फक्त रांजणातलं, प्यायचं.
राजेभाऊ अडून बसला : आन् तहान लागल्यावर?
बराच वेळ भांडणं झाली.
शेवटी तोच म्हणाला, बरं, अर्धा रांजण,
आणि अर्ध्यावर खडूनं खूण केली.

न पिळता ओलं कांबळं उचलणं सोपं नाही.
त्याचं वजन एका माणसाइतकं होतं.
चोवीस हात लागले, दोन बाईचे धरून,
पायांवर पाणी सांडत, एकमेकांना ओरडत
पोरांनी ते लिंबाखालच्या भिंतीवर नेऊन घातलं.

पाचच्या आत अहवाल भरायचा होता.
विद्यार्थी : अकरा. फोटो : दोन, अंधुक.
निष्पत्ती.
तो रकाना मी मोकळाच ठेवला.

शाळा सुटली तरी कांबळं ठिबकत होतं.
दुधाच्या पिशवीतलं आपलं शेवग्याचं रोप
राजेभाऊनं नेमकं त्याच्या खाली
सरकवून ठेवलं होतं.