शेजारच्या गावची

आमची भिशी आहे, पाच जणींची.
सोन्याची नाही, साडीची नाही.
महिन्याला चारशे प्रत्येकीचे,
आणि जिचा नंबर, तिनं कॅम्पातून
युरोपातली एक बाटली आणायची
दोन हजारांच्या आत.

या खेपेला माझा नंबर.

नेविल मला ओळखतो, तरी विचारतो,
"काकू, परवाना?"
मी पर्समधून काढते.
त्यावर छापलंय, प्रकृतीस्वास्थ्यासाठी.
माझी प्रकृती उत्तम आहे.

डोळ्यांच्या उंचीला मांडलेलं घेऊ नये,
हे मला मंडईनं शिकवलं.
वरची वांगी पाणी मारून चमकवलेली असतात.
म्हणून मी गुडघा धरून, हळूहळू,
खालच्या कप्प्यापाशी बसते.

तिथे असतात नाव न झालेली गावं.
हे बेर्जराक, बोर्दोच्या शेजारचं:
नदी इथूनच पुढे तिकडे जाते,
द्राक्षंही तीच, फक्त पाटी वेगळी.
आम्ही नाही का सत्त्याण्णव साली
कोथरूडचा भाव ऐकून घाम पुसला
आणि वारज्यात घर घेतलं?
वारा काही पत्ता विचारून आला नाही.

मग एक स्पॅनिश, कलातायुदची, जुन्या वेलींची.
मग एक पोर्तुगीज, जिच्या द्राक्षांची नावं
नेविललाही उच्चारता येत नाहीत
म्हणून तीनशेनं स्वस्त.
उच्चाराची सूट मी निमूट घेते एरवी.

"हिला पदक आहे बघा," नेविल म्हणतो,
सोनेरी चकतीवर बोट ठेवून.
पदकं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडेही आहेत.

मी बाटली उलटी फिरवते.
ट्रेझरीतली नोकरी सांभाळून दोन वर्षं
रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गात
फ्रेंच शिकले होते, पॅरिसला जायचं म्हणून.
गेले साताऱ्याला, बदलीवर.
ते फ्रेंच आता एवढ्याच कामाला उरलंय:
मागच्या लेबलावरचं बारीक अक्षर लावणं,
बाटली शेतावर भरली की दूरच्या गोदामात.
ही शेतावर भरलेली.
एक हजार सातशे साठ. बेर्जराक घेतली.

फिलोमिनाच्या घरी, खडकीला, बूच अर्ध्यात तुटलं.
उरलेलं सरोजनं लाटण्याच्या टोकानं आत ढकललं,
इंदुमतीनं चहाची गाळणी धरली,
आणि फुलपात्रांत जे उतरलं
त्याचा रंग बघून सगळ्या गप्प.

मग सुरू.
"जांभूळ." "छे, करवंद, जरा कच्चंच."
"टपालाच्या तिकिटामागचा डिंक."
"आमच्या दादाचं चामड्याचं दप्तर, मुंजीतलं."
"दप्तराची कसली चव गं!"
"चाटलंय मी."

कुमुद लिहून घेते सगळं.
तापात तिचा वास गेला, त्याला दीड वर्ष झालं.
वही तिच्याकडे असते म्हणूनच:
लेबल भिजवून, सोडवून, चिकटवायचं,
खाली किंमत, खाली आमची भांडणं,
शेवटी निकाल.
फिलोमिनाच्या मुलानं विमानतळावरून आणलेल्या
साडेसहा हजारांच्या बाटलीसमोर तिच्या अक्षरात:
पुठ्ठा. मुलाला सांगू नये.

या वेळी थालीपीठ निवेपर्यंत
तिनं फुलपात्र नाकाशी धरून ठेवलं.
"काहीतरी आहे," म्हणाली.
कुणी काही विचारलं नाही, श्वाससुद्धा जपून.
"काय ते नाही कळत.
शेजारच्या घरात काहीतरी शिजतंय
आणि आपलं दार लोटलेलं आहे, तसं."

मग पेन उचललं, नेहमीसारखं,
आणि पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य लिहिलं.
निकाल: पुन्हा आणावी.

उरलेल्या दोनशे चाळीस रुपयांचं काय करायचं,
यावर मात्र अजून वाद चालू आहे.
सरोज म्हणते, आधी बूच काढायचं नीट यंत्र.
इंदुमतीला गाळणीच बरी वाटते.