रकाना क्रमांक अकरा

"यापूर्वी कोणाकडून आर्थिक साहाय्य घेतले आहे काय?
असल्यास तपशील." पुढे दोन ओळींची जागा.
सदाशिव पेठेतल्या ट्रस्टच्या टेबलापाशी
आगाशेबाई म्हणाल्या, नाही लिहा आणि मोकळे व्हा,
सगळे तेच लिहितात.

बाई, मी सव्वीस वर्षं मार्केट यार्डात
गुळाच्या आडतीवर कीर्द लिहितो.
नाही लिहायला हात वळत नाही.

तर तपशील.

वीतभर जागा, फ्रिजच्या दारातली,
अप्परला, फरजाना मणियार यांच्या घरी.
त्यांचं दूध, त्यांची अंडी, आमच्या शैलाचं इन्सुलिन
एका रांगेत, मार्चपासून.
भाडं विचारलं तर म्हणाल्या,
भाऊ, लाइट गेली तर न्यायला या,
मडकं तेवढं भरून ठेवत जा.
हे जमेला कितीवर धरू?

बबन कोंढरे, हमाल. पाचशे. फेडले.
पुन्हा पाचशे. हे फेडलेले नाहीत.
तो समोरून आला की मी काट्यामागे सरकतो,
आणि मला सरकावं लागू नये म्हणून
तो हल्ली ढेपा मागच्या दारानं काढतो.

मुथा मेडिकल. पट्ट्यांचा डबा, पन्नासचा,
मुदत संपायला बावीस दिवस, म्हणून अर्ध्या किमतीत.
दिवसाला दोन, वर सहा उरल्या.
त्या सहा आम्ही चैनीत उडवल्या:
रात्री अडीचला तिला दरदरून घाम फुटला
तेव्हा बोट टोचून आकडा बघितला.
एरवी अंदाजानंच गोड देतो.

ते गोड म्हणजे गुगळे शेठच्या पेढीवरचा
वानगीचा गूळ. सुपारीएवढा खडा, कागदात,
शर्टाच्या खिशातून, न विचारता.
खिशाला मुंग्या लागतात.
हे साहाय्य की चोरी
ते तुम्ही ठरवा, मला नक्की सांगता येत नाही.

मुलगी तेजल. दुकानातली दुपारची पाळी,
महिना नऊ हजार दोनशे, सोडली.
आईच्या पायाचं ड्रेसिंग दिवसातून दोनदा असतं.
आठ महिन्यांचे त्र्याहत्तर हजार सहाशे,
सगळ्यांत मोठी रक्कम हीच.
आणि रकाना सहामध्ये मी तिचं नाव
"अर्जदारावर अवलंबून" असं लिहून बसलोय.
ते खोडलं तर चालेल का?

आता शेवटची नोंद.
इन्सुलिनची बाटली बाराव्या दिवशी संपते.
आषाढात अठराव्या दिवशीही तळाला थोडं होतं.
कीर्द लिहिणाऱ्याला विचारा, बाई,
शिल्लक कमी निघाली तर माणूस शोधतो,
जास्त निघाली तर घाबरतो.
मी रात्रभर मागचे आकडे चाळले.
सकाळी शैला भाजी निवडत म्हणाली,
थोडं थोडं कमी घेत होते,
तेवढीच पुढची बाटली लांबते.

सहा दिवसांचं औषध.
बिनव्याजी, न सांगता, मला उसनं दिलेलं.
पायाची जखम त्याच महिन्यातली आहे.
डॉक्टर म्हणतात, तेवढ्यानंच असं नाही.
मी मांडताना तेवढ्यानंच धरलंय.

आगाशेबाईंनी घड्याळ बघितलं,
कुलपाची किल्ली परत टेबलावर ठेवली,
परीक्षेत देतात तशी एक पुरवणी दिली,
टाचणी शोधली. काही बोलल्या नाहीत.
मग अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं:
दोन प्रतींत सादर करावे.

म्हणजे हे सगळं अजून एकदा.
बाई, कार्बन पेपर आहे का?