शून्य किलोमीटर

रबाळ्यात, एमआयडीसीच्या पत्र्याखाली,
माझा धंदा गाड्या जागच्या जागी पळवायचा.
पट्टे आवळायचे, चाकं रोलरवर चढवायची,
समोर हत्तीएवढा पंखा,
आणि चौथ्या गिअरमध्ये
एकशे ऐंशीपर्यंत जायचं
भिंतीवरची पाल न हलवता.
वहीत अंतराच्या रकान्यात: शून्य.
मी स्वतः घणसोलीहून स्कूटरने येते,
चाळीसच्या वर कधीच नाही.

शनिवारी पोरं येतात. नेरूळ, कामोठे, एखादं ठाण्याचं.
"मशीन चालवणारे कुठेत?" म्हणून
माझ्या खांद्यावरून आत बघतात.
मग चहा. मग मतं.

मतांना सायलेन्सर नसतो.
निनादचं म्हणणं, टर्बो म्हणजे उसनी हवा,
छाती स्वतःची हवी, सीसीला पर्याय नाही.
झुबेर म्हणतो, अरे, टाकून दिलेल्या धुरावर पातं फिरतं,
तेच पातं ताजी हवा आत कोंबतं,
एवढी काटकसर तुझ्या आईलाही जमायची नाही.
हर्षिका हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली:
पाम बीचवर रात्री दोनला सगळेच शूर,
ट्रॅकवर ब्रेक कुठे मारतोस ते सांग.

मी बोलत नाही. मी कागद काढते.
एकशे चाळीस सांगून आलेली गाडी
चाकांवर एकशे बारा देते,
आणि मालक हवेला दोष देतो,
पेट्रोलला, पंख्याला,
एकदा तर मला.

त्या शनिवारी घरत काका आले, करावे गावचे.
कंबर वाकलेली, फियाट ताठ.
दारावर पांढरा गोल, त्यात पुसट आकडा, सदतीस.
हिचा जोर मागच्या चाकांत,
म्हणून तिला चार पावलं पुढे घ्यावी लागली,
या पोरांच्या गाड्यांपेक्षा पुढे.

फोन निघाले. कुणीतरी विचारलं,
"काका, लॅग किती?"
म्हणजे पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा
तो मधला रिकामा क्षण.
काका हसले नाहीत.
"गाडीला नाय रे. लॅग आमचे गावाला.
तुमचा पाम बीच जातो ना, सिग्नलजवल,
तिथं बापूस फळ्यानं मीठ ओढायचा.
मिठागर गेला तवा मी आठवीत.
साडेबारा टक्क्याचा पलाट हाती आला
तवा माझे पोरीची पोरगी शालेत.
मधी थोडे पैशे आले, त्यात ही घेतली.
बापूस महिनाभर बोलला नाय.
मंग रॅलीत तिसरा नंबर काढला, घाटात, चिखलात.
कप दिला त्याचे हातात.
त्यानं त्यात मीठ भरून ठेवलं, चुलीजवल."

मग माझ्याकडे वळून,
"पंखा बंद कर गो."
इंजिन तापेल, म्हटलं.
"दोन मिनटं. मना आकडा नको,
आयकाचा हाय."

पंखा थांबला.
फियाट दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली
आणि कार्ब्युरेटर हवा ओढू लागला,
ओहोटीला उघाडीतून खाडीचं पाणी ओढलं जातं तसा,
खोल, न घाबरता.
झुबेर गप्प. हर्षिकाने हेल्मेट खाली ठेवलं.
निनाद उकिडवा बसला, कान चाकाजवळ,
उसनी नसलेली हवा त्याने पहिल्यांदाच ऐकली असावी,
वाद मात्र गेली तीन वर्षं घालत होता.
काका डोळे मिटून म्हणाले,
"दुसरा टॅपेट खोकतोय."

मशीनने कागद दिला: एकोणतीस.
न बघताच त्यांनी तो चहाच्या पेल्याखाली ठेवला.
पेल्याचं ओलं वर्तुळ
बरोब्बर टॉर्कच्या रेघेवर उमटलं.

गाडी न्यूट्रलला आली तरी
रोलर बराच वेळ फिरत होते.
निनादने हळूच विचारलं,
"काका, घाट चढताना गिअर कुठला?"

"दुसरा," काका म्हणाले,
"आनि तोंड बंद."