बगळा छाप

फाइल आली तेव्हा बगळा एका पायावर होता.
अकरा बिंदू, नऊ वळणं, एक डोळा.
कितीही मोठा करा, कड फाटत नाही;
उद्यमनगरच्या गल्लीएवढा केला
तरी चोच सुईसारखीच राहिली.

बाबालाल मुल्लाणी म्हणाले,
"पन्नास वर्षं पंपांवर चिकटून हाय.
आता शिरोलीच्या गेटवर उभा करायचा. पितळंत, तीन फुटी.
चारी बाजूनं दिसला पाहिजे बघा."
अर्धा चहा ठेवून गेले.

मी रेष निवडली, जाडी दिली, आठ मिलीमीटर.
ताटात थापून सुरीनं कापलेली वडी झाली:
वर सपाट, खाली सपाट, कडेला भिंत.
साठ दिले. जाड वडी.
पोट फुगवलं तर मान आत गेली,
मान ओढली तर पाठीला भोक.
कॉम्प्युटर म्हणाला, मॉडेल बंद नाही, गळतंय.
पंपवाल्याचा बगळा,
आणि गळतोय.

खालच्या शेडमधून अन्नाप्पा सुतार वर आले,
कानामागं पेन्सिल, मिशीत सागवानाचा भुसा,
चाळीस वर्षं फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न दिलेला माणूस.
मी माउसनं बगळा फिरवून दाखवला.
पलीकडची बाजू आली तसे ते पुढं वाकले.
"ह्याचा दुसरा डोळा कुठाय?"
मूळ चित्रात एकच आहे, म्हटलं.
"आणि पाय?"
तोही एकच.
"मग ह्यो बगळा न्हवं पोरी,
ही बगळ्याची बातमी हाय."

खिशातली स्टीलची पट्टी त्यांनी माझ्या पट्टीशेजारी ठेवली:
फुटामागं जराशी लांब.
"पितळ निवताना आकसतं. आधीच वाढवून मोजायचं.
पट्टी खोटी, म्हणून माल खरा येतो."
मग उभ्या कडांना ढाळ द्यायला लावला, दीड अंश.
"ताठ उभं ऱ्हाईलेलं वाळूतनं सुटत न्हाई,
कड मोडूनच येतं."
मी आकडे टाकले.
डोळा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळंबा तलावावर गेले,
स्कूटी बांधावर लावली.
एक होता. एका पायावर.
मी डावीकडे सरकले, तो तेवढाच वळला,
पुन्हा तीच बाजू, तोच डोळा,
जणू त्यालाही कुणी कोळशानं भिंतीवर काढलेलं.
अर्धा तास मी त्याच्या पलीकडच्या बाजूच्या मागे होते.

मग त्यानं सरळ माझ्याकडे तोंड केलं
आणि बगळा संपला.
पाण्यात रोवलेली एक काडी उरली,
काडीच्या टोकाशी, चोचीच्या दोन्ही अंगांना
दोन पिवळे डोळे, खाली बघणारे.
दुसरा पाय पिसांत होता. दिसला नाही.
पोटाखाली थोडं जड वाटत होतं, एवढंच.

तेवढंच केलं.
डोळा आरशातून उलटा न घेता
हातानं बसवला, केसभर खाली.
पोटाखाली बारा मिलीमीटरचा फुगवटा.
भोकं शिवली. गळती थांबली.

वाळू फोडली तेव्हा तो काळा निघाला,
मानेला वाहून थिजलेल्या पितळेची शेपटी.
अन्नाप्पांनी बोटं आधी पोटाखाली घातली.
काही बोलले नाहीत.
पट्टी धोतराला पुसून खिशात ठेवली.

बाबालालांनी रस्त्याच्या बाजूनं बघितलं.
"हुबेहूब! खोक्यावरचाच!"
पलीकडं गेलेच नाहीत.

दुपारी कधीतरी शिरोलीच्या सिमेंटवर त्याची सावली पडते:
अकरा बिंदू, नऊ वळणं, डोळाही नाही.
मला आलेली फाइल.
साडेचारला ती लांबते, उभ्या ट्रकच्या चाकावर चढते,
आणि वॉचमन तिच्या पोटाच्या मापानं
खुर्ची सरकवत राहतो.