बुधवारची नोंदवही

बुधवारी डोळ्यांचे डॉक्टर येतात,
अकराला म्हणतात, उगवतात साडेबाराला.
तोवर मी नावांखाली पट्टी धरून बसते:
आठवडे किती, वजन किती,
ऑक्सिजन किती दिवस, रक्त चढवलं का.

नागमणी कोंडा यांचं बाळ, मुलगा.
एकतिसावा आठवडा, तेराशे चाळीस ग्रॅम,
नळी नऊ दिवस, जंतुसंसर्ग एकदा.
आज अठ्ठाविसावा दिवस.
पुढचा रकाना कोरा.

फोनवर सासू: "पोरगं बघतंय की, दिव्याकडं टकामका."
सुरुवातीला सगळीच बघतात, आजी.

डबा न उघडताच निघाले,
विडी घरकुलच्या रिक्षात चौथी.
तापलेला पत्रा, तंबाखूचा खकाणा,
नागमणीच्या मांडीवर सूप, सुपाला टेकून बाळ.
"हजार पुऱ्या केल्याबिगर उठता येत नाही, सिस्टर.
तिथं मोजून घेतात."

नवरा रात्रपाळीचा, भिंतीकडे तोंड करून निजलेला.
मी त्यालाच उठवलं.
टॉवेल मागावरून आधीच उतरवला तर?
"काठ राहतो विणायचा," तो म्हणाला, डोळे चोळत.
डोळ्याच्या पडद्यावरही शिरा मधून काठाकडे जातात,
नऊ महिने पुरतात त्याला.
तुमचा सातव्यातच उतरला.
राहिलेल्या शिरा आता भलतीकडे वाढल्या, गुंतल्या,
तर पडदाच ओढून काढतात.

त्याने शर्ट घातला. एक बटण वर, एक खाली.

अक्कलकोटकडची ती आठ महिन्यांची पोर
मी त्यांना सांगितली नाही.
बुबुळात पांढरं दिसत होतं.
आई एवढंच म्हणाली, कुणी बोललंच नाही आम्हाला.
तेव्हा ही वही नव्हती.

थेंब, पुन्हा थेंब. जिभेवर साखरेचं पाणी.
पापण्या ताणून धरणारी बारकी तार.
डोकं मी धरलं; एका तळव्यात मावलं.
तो असा रडला की शेजारची दोन जागी झाली.
दाराबाहेर नागमणी,
रिकाम्या बोटांनी विडी वळत उभी.

डॉक्टर वाकले, कपाळावर दिवा, हातात भिंग.
फार वेळ काही बोलले नाहीत.
"काठाला पोचलेलं नाही अजून.
गुंताही नाही. दोन आठवड्यांनी."

"बागुन्नाडा, सिस्टर?"
एवढं तेलुगू मला येतं.
'हो' ओठांवर आलं होतं, गिळलं.
पुढचा बुधवार सोडून त्याच्या पुढचा, मी म्हणाले.
कागद हरवतात, म्हणून पेन काढून
तिचा हात ओढला तारीख लिहायला.

"डाव्यावर लिहा," ती म्हणाली,
"उजव्यानं भांडी घासते."