मान टाकणे

कोट्टायमला परत जाताना थ्रेसिया सिस्टर
कुंडी माझ्या हातात देत म्हणाल्या,
रोज पाणी नको घालू, चंद्रकला.
मान टाकली, की घाल.

तेवीस नंबर वॉर्डात अठरा वर्षं
मी नेमकं उलटं शिकले होते.

मे महिना. नाइट संपवून झोपले, उठले तीनला,
तर पीस लिली कुंडीच्या काठावरून
सगळीच्या सगळी खाली.
हात देठाकडे गेला, नाडीकडे जातो तसा.
बाहेर सेहेचाळीस, कूलरची खस अर्धी कोरडी,
मेडिकल चौकातले ऑटोवालेसुद्धा गप्प.

नळाचं ताजं पाणी तिला चालत नाही,
पानांची टोकं जळतात.
रात्रभर बादलीत उघडं ठेवलेलं दिलं,
सावकाश, खालच्या छिद्रातून थेंब येईस्तोवर.
मग चहा. चहा गाळला तरी काही नाही.
गच्चीवरून कपडे काढून आणले,
कपडे कसले, पापड झाले होते,
तर एक पान कोपरावर रेलून उठलेलं.
पाचला सगळी ताठ,
जसं काही मीच उगाच घाबरले.

काऊन वं, म्हटलं, माहा जीव घेतं का?

एक फूल हिरवं पडत चाललंय,
बुडापासून कापायला हवं.
कात्री आधी उकळून घेतली. सवय.

परवा पहाटे अकरा नंबरच्या पोरीनं
पेज मागितली, स्वतःहून.
ड्यूटी सुटताच जिन्यात उभं राहून
थ्रेसिया सिस्टरांना फोन लावला.
जगली, म्हटलं.

कोण, त्यांनी विचारलं.